गावाकडं ईव्ही: घरचा १५ अँपिअर प्लग की हायवेचा फास्ट चार्जर?

गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडं रोज ईव्ही, म्हणजे विजेवरची गाडी, फिरणार असेल, तर भिस्त घरच्या प्लगवरच ठेवा. त्यातून तासाला साधारण ३ युनिट मिळतात. म्हणजे ३० युनिटची बॅटरी १० तासांत भरते, रात्रभराचं काम.

खरी अडचण वायरिंगची. मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग हवं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळला की चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. खड्ड्यात दोन घागरी पाणी ओता, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडलं तरी चार्जिंग तुटतं. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र अजिबात नको, पिन वितळते.

फास्ट चार्जर पुणे-बेंगळुरू हायवेच्या लांब प्रवासाला उत्तम. ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो, तिथंच चार्जिंग थांबवा. युनिटही घरच्यापेक्षा महाग पडतं.

कोकणातून करूळ घाटानं परतणार असाल, तर हिशेब आधी करा. दीड टनाच्या गाडीला दर ५०० मीटर चढाला सुमारे २ युनिट जादा लागतात. घाटाच्या पायथ्याकडचं वैभववाडी सोडताना बॅटरीत निदान ४० टक्के असू द्या.