मटेरियल डिझाइन + फिग्मा, सात महिन्यांनंतर (फुकटात डिझाइन शिकता येतं का?)

मी अँड्रॉइडवाला, कोड जमतो पण स्क्रीन केली की ती बँकेच्या फॉर्मसारखी दिसायची, म्हणून सात महिने झाले रोज रात्री तासभर डिझाइन शिकतोय. आधी एका क्लासला १८ हजार भरले, तिथे दीड महिना रंगचक्र आणि लोगोच चालू होते, सोडला. मग गुगलच्या मटेरियल डिझाइनच्या गाइडलाइन्स (स्क्रीन कशी असावी याचे नियम, २०१४ ला आल्या, आता तिसरी आवृत्ती), जोडीला अ‍ॅपलच्या गाइडलाइन्स आणि फिग्माचा (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) फुकटचा प्लॅन, बस एवढंच.

नुसतं वाचून डोक्यात काही राहत नाही. म्हणून सरावाला मिरजेतल्या मामाच्या दुधाच्या रतीबाचं अ‍ॅप करायला घेतलं. १४० घरं, कुणाचा लिटर कुणाचा अर्धा, खाडे, महिन्याचं बिल, सगळं डायरीत.

पहिलं डिझाइन मला जाम आवडलेलं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं, एकदम क्लासी. मामाने सकाळी आठच्या उन्हात फोन धरला आणि म्हणाला, "अरे, स्क्रीन बंदच आहे की." मग कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक) मोजला तर माझा करडा, रंगाचा कोड ९९९९९९ वाला, २.८५ ला १ भरला आणि साध्या मजकुराला लागतो किमान ४.५ ला १. ७६७६७६ केला की कसाबसा पास होतो, मी सरळ जवळपास काळाच ठेवला.

बटणांचंही तेच. दाबायच्या जागेला अँड्रॉइड ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) म्हणतं, अ‍ॅपल ४४ पॉइंट, मी आयकॉन २४ चा काढला आणि दाबायची जागापण तेवढीच ठेवलेली. एका हातात किटली, अंगठा ओला, खाड्याच्या जागी भलतंच दाबलं जायचं. फिट्सचा नियम १९५४ चा आहे, लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितकं पटकन सापडतं, हे मी तीनदा वाचलं होतं, पण कळलं ते मामाचा अंगठा बघून. आता खाड्याचं बटण खाली, आडवं, अख्ख्या रुंदीचं.

सगळ्यात जास्त लाज आणली ती एका डायलॉगने, म्हणजे स्क्रीनवर मध्येच येणाऱ्या प्रश्नाच्या चौकटीने. प्रश्न होता "हा खाडा रद्द करायचा?" आणि खाली दोन बटणं, "रद्द" आणि "रद्द करा". इंग्रजीतला कॅन्सल उचलून मराठीत टाकला की हे असं होतं. मामा दोन मिनिटं बघत बसला, मग फोन मलाच दिला. आता "खाडा काढा" आणि "राहू दे" असं आहे. नंतर वाटलं विचारायचंच कशाला, म्हणून बऱ्याच ठिकाणी डायलॉगच काढून टाकला, काम लगेच होतं आणि खाली थोडा वेळ "परत घ्या" ची पट्टी येते. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांच्या १९९४ च्या दहा नियमांत हेच आहे, चुकलेल्याला मागे फिरायला वाट ठेवा. ते दहा नियम आधी वाचा, रंगबिंग नंतर.

मराठीत अ‍ॅप करणाऱ्यांना एक सांगतो, ओळींची उंची इंग्रजी मजकूर टाकून ठरवू नका. मी १६ च्या अक्षराला २० दिली, इंग्रजीत झकास, आणि "कुलकर्णी"चा रफार वरून कापला, उकार खालून. २६ वर नेली तेव्हा नीट दिसलं. फॉन्ट मुक्ता घेतला, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे.

गाइडलाइनमध्ये न सापडलेली गोष्ट म्हणजे यादीचा क्रम. मी अकारविल्हे लावली, अगदी नियमाने. मामा म्हणे, "मी काय अ पासून ज्ञ पर्यंत दूध घालत फिरतो का? गल्लीप्रमाणे लाव." बरोबरच होतं त्याचं, अर्धा दिवस त्याच्यासोबत फिरलो असतो तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

फिग्माबद्दल वेगळं काय लिहू, ब्राउझरमध्ये चालतं, कॉम्पोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे) आणि ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे आपोआप जागा बदलणारी मांडणी) शिकायला मला महिना लागला पण नंतर हात बसला. फक्त मोठ्या मॉनिटरवर बघून खूश होऊ नका, रोज फोनवर उघडून बघा, सगळं वेगळंच दिसतं.

पाचपैकी चार. एक कापला कारण गाइडलाइन्स इंग्रजीत आहेत आणि सलग धड्यासारख्या नाहीत, कुठून सुरू करायचं हे तुमचं तुम्हीच बघायचं. कोड येत असेल तर जरूर करा, अगदीच नवखे असाल तर सोबत कुणीतरी स्क्रीन बघून बोलणारं शोधा. मामा १४० पैकी ६० घरांचा हिशेब अ‍ॅपवर करतो, बाकीच्यांची डायरी अजून खिशात आहे.