पेटी ऑनलाइन घेतली, वारा गळका आला: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत मागवलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम: स्केल चेंजर (पट्ट्यांचा सांगाडा सरकवून पट्टी, म्हणजे स्केल, बदलता येणारी), ४२ पट्ट्यांची, रीडचे खर्ज-नर (खालच्या आणि मधल्या सुरांचे) संच, किंमत २८,५०० रुपये. रीड म्हणजे वाऱ्याने थरथरून सूर काढणारी पितळी जीभ आणि तिची चौकट. दुकानाचं नाव देत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते पेटी विकणाऱ्या बहुतेक ऑनलाइन दुकानांना लागू पडेल. ही पेटी आज चांगली वाजते. पण त्यासाठी आणखी ३,२०० रुपये कारागिराला गेले.

पहिल्या दिवशीचा प्रकार सोपा होता. एक पट्टी दाबली की शेजारचे दोन सूर एकदम वाजत. स्केल चेंजरचा पट्ट्यांचा सांगाडा प्रवासात दोन खाचांच्या मधोमध येऊन अडकला होता. खटका उचलून तो नीट खाचेत बसवला की काम झालं. पाठवणाऱ्याने खटका बांधून, पट्ट्यांवर फोमची पट्टी दाबून पाठवायला हवं होतं. खोक्यात थर्माकोल भरपूर, पण सगळा बाहेरून. आतल्या हलत्या भागाला आधार शून्य.

खरा त्रास त्यानंतरचा. मध्य सप्तकातली काळी पाच उशिरा बोलायची. म्हणजे पट्टी दाबल्यावर आधी वाऱ्याची फुस्स आणि मग सूर. हळूहळू काळी दोन आणि पांढरी सातही तशाच झाल्या. ताना घेताना ते सूर गळून जात. जाहिरातीत ‘अस्सल पालीताणा रीड’ (गुजरातमधलं हे गाव रीडसाठी प्रसिद्ध) असं ठळक लिहिलेलं, त्यामुळे पहिला संशय रीडवरच. तसा एक तारा देऊन अभिप्रायही टाकला: ‘पालीताण्याच्या नावाखाली भलतंच’.

तो अभिप्राय चुकीचा होता आणि आता काढून टाकलाय. रीड ठीक होते.

रीड मुख्यतः दोन कारणांनी उशिरा बोलतो. एक, पितळी जिभेचं टोक चौकटीपासून गरजेपेक्षा जास्त उचललेलं असतं. दोन, जिभेखाली धूळ किंवा लाकडाचा भुसा. (उलट टोक फार खाली असेल तर सूर हलक्या वाऱ्यावर लगेच बोलतो, पण भाता जोरात मारला की गुदमरतो.) पण दोन्ही दोष एकेका रीडचे. इथे रोज वेगळीच पट्टी रुसायची आणि भाता जोरात मारला की सगळ्या सुतासारख्या सरळ. म्हणजे रीडचा नाही, वाऱ्याचा दोष. हे कळायला दोन महिने गेले. खरं तर दोन मिनिटं पुरली असती.

तपासणी अशी करायची. सगळे स्टॉप (रीडकडे जाणारा वारा उघडणारे-बंद करणारे पुढचे खुंटे) आत ढकलून बंद करा आणि भाता मारा. तीन-चार हातांत आतला, वारा साठवणारा भाता भरला पाहिजे आणि मग बाहेरचा भाता हाताला कडक लागला पाहिजे. तो कितीही मारला तरी मऊच राहिला तर गळती भात्यातच आहे: कोपऱ्यातलं चामडं, कापडाची घडी किंवा झडप. झडप गळकी असेल तर दाबून धरलेला भाता उलट हाताला ढकलतो. आता दुसरी पायरी. भाता भरलेला असताना एक स्टॉप उघडा, पट्टी मात्र एकही दाबू नका. पहिल्या पायरीत पास झालेला भाता इथे भसकन बसला तर दोष भात्याचा नाही. वारा जातोय तो पट्ट्यांखालच्या चामड्यातून किंवा रीडबोर्डच्या, म्हणजे रीड बसवलेल्या फळीच्या, बैठकीतून.

या पेटीत पहिली पायरी पास, दुसरी नापास. एक स्टॉप उघडून मधला सा दाबला तर भरलेल्या भात्यावर सूर जेमतेम ७ सेकंद टिकायचा. दुरुस्तीनंतर तोच सूर १९ सेकंद टिकतो. पेटी तीच, रीड तेच.

कारण निघालं ते फुटकळ. इथला रीडबोर्ड आठ स्क्रूंनी आवळलेला आहे आणि त्याखाली फेल्टची (दाबलेल्या लोकरी कापडाची) पट्टी. तीन स्क्रू प्रवासातल्या धक्क्यांनी ढिले झालेले, एक तर बोटाने फिरत होता. फेल्टही एका कोपऱ्यात अर्धा इंच कमी कापलेलं. स्क्रू आवळायचे ते समोरासमोरचे, थोडे थोडे, पाव-पाव फेरा. एकच बाजू पूर्ण आवळली तर बोर्ड वाकतो आणि गळती दुसऱ्या टोकाला जाते. कारागिराने फेल्ट बदललं, चार पट्ट्यांखालचं चामडं नव्याने चिकटवलं आणि सूर मिळवून दिले. रीडच्या जिभेवर टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो. हे वाचून घरी कानस घेऊन बसू नका. खरवडलेलं पितळ परत येत नाही.

जाहिरातीतल्या इतर गोष्टी उरकून टाकतो. ‘संपूर्ण सागवान’ म्हटलं होतं, तळाचा तक्ता प्लायचा आहे. मागच्या कडेला थर दिसतात. स्टॉप नऊ, त्यांतले दोन नुसते शोभेचे. आतून कशालाच जोडलेले नाहीत! ‘४४० हर्ट्झ’ हा दावा मात्र खरा निघाला, पांढरी सहा ट्यूनरवर बरोबर लागते. बरेच जण ‘गंधार बेसूर’ म्हणून दुकानाला शिव्या घालतात. तो दोष दुकानाचा नाही. पेटी लावतात त्या समान सप्तकातला (बाराही सूर सारख्या अंतरावर) गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढाच असतो. अभिप्रायातले तारे कापायचेच तर भात्यासाठी कापा.

आता परताव्याबद्दल. परत पाठवायची मुदत सात दिवस, पण गळती सात दिवसांत ध्यानात येत नाही. वॉरंटीत ‘रीड, चामडं, ट्यूनिंग वगळून’ असं लिहिलेलं. मग पेटीत उरलं काय, कड्या आणि हँडल? चॅटवर आधी खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला, मग ‘लाकडाचं नैसर्गिक वर्तन’ असं उत्तर आलं, मग ‘परतीचं भाडं तुमचं’. पेटी खोक्यासकट १७ किलो. पण कुरियर आकारावर वजन लावतं: ७५ × ४८ × ४६ सेंटिमीटर भागिले ५,०००, म्हणजे ३३ किलो. त्याचे २,९०० रुपये सांगितले. दुरुस्तीपेक्षा फक्त ३०० कमी.

चॅट सोडून दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केल्यावर चाकं फिरली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. ईमेलमध्ये गळतीचा व्हिडिओ, प्लायच्या कडेचा फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट एवढंच जोडलं. प्लायचा फोटो जास्त कामाला आला, कारण गळतीवर वाद घालता येतो, ‘संपूर्ण सागवान’वर येत नाही. २४व्या दिवशी ४,००० रुपये परत मिळाले, पेटी ठेवून. तिथेही दाद लागली नसती तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन होतीच. म्हणजे हिशेबाने ८०० रुपये वर आले, पण पेटी दोन महिने अर्धमेली वाजली ती वाजलीच.

पावसाळ्यात पाच पट्ट्या फुगून अडकल्या. त्याबद्दल तक्रार नाही, ते कोणत्याही पेटीचं होतं. दोन पट्ट्यांमध्ये पोस्टकार्ड सरकत नसेल तर कडेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर दोन हात मारायचा. तेल अजिबात नाही, त्याने धूळ चिकटते. पेटीच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि फेल्टला कसर लागू नये म्हणून एक डांबराची गोळी.

पुन्हा ऑनलाइन घ्यायचीच वेळ आली तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून एकच व्हिडिओ मागावा: एक स्टॉप उघडा, एक पट्टी दाबलेली, भाता एकदा भरून हात बाजूला, घड्याळ समोर. चमकत्या पॉलिशचे बारा फोटो लगेच येतात, हा व्हिडिओ पाठवायला मात्र तीनपैकी दोन दुकानांनी टाळाटाळ केली.

कुरियरने आलेला मूळ खोका माळ्यावर ठेवलाय. आणि दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं, तेव्हा ते आठ स्क्रू पुन्हा एकदा पाव फेरा आवळायचे आहेत.