आधी मॉनिटर की आधी ग्राफिक्स कार्ड?

समजा, ऐरोलीच्या किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या घरात २४ इंची, १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेलचा), ६० हर्ट्झचा मॉनिटर आणि गेमची चित्रे तयार करणारे, काही वर्षांपूर्वीचे ग्राफिक्स कार्ड आहे, आणि दोन्ही एकदम बदलण्याइतके पैसे हाताशी नाहीत. अशा वेळी आधी कशाला हात घालावा?

उत्तर आपल्याच संगणकावर मिळते. नेहमीचा गेम लावावा, व्ही-सिंक (कार्डाचा वेग पडद्याच्या वेगाला बांधणारी सोय) बंद करावे आणि फ्रेमचा आकडा, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रे काढते तो, पडद्यावर ठेवून अर्धा तास खेळावे. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये जुन्या कार्डावरही हा आकडा बहुधा शंभराच्या वर राहतो. परंतु ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठच वेळा चित्र बदलत असल्यामुळे कार्डाची बरीचशी मेहनत पाण्यात जाते. अशा खेळाडूने आधी जास्त हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा. ६० हर्ट्झवर दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंद जातात, १४४ हर्ट्झवर ६.९, आणि हा फरक माउस हलवताच जाणवतो. याउलट सायबरपंक २०७७ सारख्या जड गेममध्ये आकडा चाळिशीतच रेंगाळत असेल, तर आधी कार्ड. रिझोल्यूशन ७२०पी पर्यंत उतरवूनही आकडा जागचा हलत नसेल, तर घोडे बहुधा प्रोसेसरपाशी अडले आहे आणि नव्या कार्डाने ते पुढे सरकणार नाही.

मॉनिटरमध्ये खरी निवड २४ इंची १०८०पी आणि २७ इंची १४४०पी यांतच आहे. पहिल्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, दुसऱ्यावर ३७ लाख, म्हणजे कार्डावरचा भार जवळजवळ पावणेदोन पट होतो. त्यामुळे हौसेने घेतलेला १४४०पी मॉनिटर पाठोपाठ कार्डाचाही खर्च मागू शकतो. तरीही कार्ड वर्षा-दोन वर्षांत बदलणारच असेल, तर १४४०पी घ्यावा, कारण चांगला मॉनिटर दोन कार्डे सहज पाहतो. २७ इंची १०८०पी मात्र स्वस्त असला तरी टाळावा. आपल्याकडच्या खोल्यांत टेबल भिंतीला आणि खुर्ची पलंगाला टेकलेली असते, आणि इतक्या जवळून त्यावरची अक्षरे फुटकी दिसतात. पॅनेलच्या, म्हणजे पडद्याच्या, प्रकारांत आयपीएस सर्वांत बिनधोक. व्हीए हा दुसरा प्रकार काळा रंग अधिक गडद दाखवतो, पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात हालचालीमागे काळपट शेपूट उमटते.

कार्डाच्या बाबतीत नावापेक्षा मेमरी पाहावी. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी ही २०२५ मध्ये आलेली दोन्ही कार्डे ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, एकाच नावाने विकली जातात. दुकानदार 'तेच कार्ड, थोडं स्वस्त' म्हणून पुढे करतो ते बहुधा ८ जीबीचे असते. नव्या जड गेममध्ये १४४०पीवर ८ जीबी भरून गेली की टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) पुसट होतात किंवा खेळ मध्येच अडखळतो, म्हणून १६ जीबीच घ्यावे. रे ट्रेसिंगचा (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचे तंत्र) आणि डीएलएसएसचा (एआयच्या मदतीने फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची सोय) शौक असेल तर ५०६० टीआय उजवे. मदरबोर्डवर कार्ड जोडण्याची पीसीआयई जागा जुन्या ३.० पिढीची असेल तर मात्र माझे मत ९०६० एक्सटीला आहे, कारण ते सोळा लेन (माहिती वाहून नेणारे मार्ग) वापरते आणि ५०६० टीआय आठच.

विजेचाही हिशेब हवा. ५०६० टीआय १८० वॉटपर्यंत घेते, १६ जीबीचे ९०६० एक्सटी सुमारे १६०. घरोघरी दिसणारा ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, आणि प्रोसेसर व मॉनिटर धरून आपण त्या मर्यादेच्या जवळ जातो. पावसाळ्यात वीज गेली तर गेम वाचवण्यापुरताच वेळ मिळेल.

खरेदी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात करायची असल्यास मॉनिटर दुकानातच चालू करून घ्यावा आणि पूर्ण पांढऱ्या व पूर्ण काळ्या पडद्यावर मेलेले पिक्सेल शोधावेत. घरी तो डिस्प्लेपोर्टच्या केबलने जोडावा. विंडोज अनेकदा नव्या मॉनिटरलाही ६० हर्ट्झवरच चालवते, तेव्हा डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः बदलावा लागतो.