पत्ता एकदा दिला की दिला : पोस्टकार्ड-देवाणघेवाण सेवेचा तीन वर्षांचा अनुभव

अनोळखी माणसांना पोस्टकार्ड पाठवायचे आणि तितकीच कार्डे अनोळखी माणसांकडून मिळवायची, अशी सोय करून देणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय सेवेची मी तीन वर्षांपासून सभासद आहे. सभासदत्व विनामूल्य असून खर्च केवळ कार्डाचा आणि तिकिटांचा. पत्ता मागितला की सोडतीने कोणा एका सभासदाचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक कार्डावर लिहायचा, आणि समोरच्याने कार्ड मिळाल्यावर तो नोंदवला की पुढचे कार्ड आपल्या नावे निघते. परभणीतून धाडलेले वेरूळच्या कैलास लेण्याचे कार्ड फिनलंडमधल्या एका आजींनी स्वयंपाकघरात लावल्याचे कळले, त्या दिवशी वर्गातल्या मुलांनाही मी ते सांगितले होते.

देशातल्या देशातही कार्डे यावीत, असा पर्याय मी निवडला होता. त्यातूनच गेल्या मार्चमध्ये दुसऱ्या राज्यातून एका गृहस्थांचे कार्ड आले. मी रीतसर नोंद करून आभार मानले. आठ दिवसांनी त्याच अक्षरात दुसरे कार्ड आले, ते मात्र विनाक्रमांकाचे, डाकघरात पन्नास पैशांना मिळणारे साधे पिवळे कार्ड. जूनपर्यंत अशी सतरा कार्डे जमली. मजकूर अश्लील नव्हता, धमकीही नव्हती, आणि म्हणूनच तक्रार नेमकी कशाची करावी हे मला बरेच दिवस उमगत नव्हते. एका कार्डावर एवढेच होते : ‘तुमच्याकडे आभाळ आले असेल, गच्चीवरचे वाळवण उचलले का?’ वाळवणाचा उल्लेख सेवेवरच्या माझ्या परिचयात मीच हौसेने केला होता, हे आठवले आणि अंगावर काटा आला. त्यात पोस्टकार्ड म्हणजे उघडे पत्र. आमचे पोस्टमनकाका ‘ताई, पुन्हा त्याचंच आलंय बघा’ म्हणत कार्ड ओट्यावर ठेवत, आणि ते पहिल्यांदा सासूबाई वाचत. ‘हा कोण गं तुझा?’ या त्यांच्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होते?

सेवेकडे तक्रार केली तेव्हा दोन दिवसांत सौजन्यपूर्ण उत्तर आले आणि त्या गृहस्थांचे सभासदत्वही बंद झाले. या तत्परतेला मी पूर्ण गुण देते. मात्र त्यानंतरही चार कार्डे आली, कारण माझा पत्ता त्यांच्या वहीत उतरलेला होता आणि तो तिथून खोडण्याची सोय कोणाकडेच नाही. क्रमांक नसलेली कार्डे आमच्या कक्षेत येत नाहीत, असेही सेवेने कळवले. नियमाने ते बरोबर असेल, पण पत्ता त्यांच्याच सोडतीतून गेला होता. सोडतीत निघालेला पत्ता समोरच्याकडे कायमचा राहतो, ही गोष्ट नाव नोंदवतानाच ठळकपणे सांगायला हवी होती. ती मला कुठेही दिसली नाही. टपाल न घेण्याचा हक्क आपल्याला असतो, म्हणून पुढची कार्डे मी ‘घेण्यास नकार’ लिहून परत केली. पण पाठवणाऱ्याने स्वतःचा पत्ताच लिहिलेला नसल्यामुळे ती परत तरी कोणाकडे जाणार, असे पोस्टमनकाकांनीच विचारले. सभासदत्व बंद झाल्यामुळे पहिल्या कार्डावरचे नाव खरे होते की नाही, हेही आता मला पाहता येत नाही.

आता मी डाकघरात पोस्ट बॉक्स भाड्याने घेतला आहे, परिचयातून गाव, घर आणि वाळवण काढून टाकले आहे आणि देशांतर्गत कार्डांचा पर्याय बंद ठेवला आहे. हा शेवटचा निर्णय मला स्वतःलाच पटत नाही, कारण नागालँडहून आलेले एक कार्ड माझ्या संग्रहातले सर्वांत सुंदर आहे. नव्याने सभासद होणाऱ्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या भगिनींनी घरचा पत्ता न देता आधी पोस्ट बॉक्सची चौकशी करावी. सेवा मी सोडलेली नाही. मागच्या आठवड्यातच तैवानहून चहाच्या मळ्याचे कार्ड आले, क्रमांकासह. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे.