सोडियम की मेटल हॅलाइड: आमच्या भागातल्या खांबांवर काय चालतं

रस्त्याला सोडियम (पिवळ्या उजेडाचा दिवा) लावावा की मेटल हॅलाइड (पांढऱ्या उजेडाचा), असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुमच्या गावात पावसाळ्याच्या रात्री लाईट किती वेळा जाते-येते? आमच्याकडे निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

बेळगावच्या पश्चिमेची गावं आणि खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला असलेल्या पंचायती, इथल्या रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल मी करतो. जून ते सप्टेंबर इथला पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको. झाडाची फांदी तारेला लागली की लाईट क्षणभर जाते आणि परत येते. घरातला पंखा थांबायच्या आत पुन्हा फिरायला लागतो, पण रस्त्यावरचा दिवा त्या एका क्षणात विझलेला असतो. सोडियम साधारण मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा पेट घेतो आणि हळूहळू पूर्ण उजेडाला येतो. मेटल हॅलाइड मात्र दहा-पंधरा मिनिटं अंधारच ठेवतो. त्याची आतली नळी तापलेली असते आणि वाफेचा दाब इतका चढलेला असतो की इग्निटरने, म्हणजे दिवा पेटवणाऱ्या डबीने, तीन-चार हजार व्होल्टचे झटके दिले तरी आत ठिणगी पडत नाही. नळी निवल्याशिवाय तो पेटायचा नाही. तेवढ्यात लाईट पुन्हा एकदा झपकली तर परत पहिल्यापासून. डेअरीला दूध घालून पहाटे चालत येणाऱ्या माणसाला हा अंधार परवडत नाही. म्हणून घाटाकडच्या आणि जंगलालगतच्या रस्त्याला मी मेटल हॅलाइड सुचवतच नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नवा खांब उभा करत असाल तर या दोन्हींच्या भानगडीत न पडता चांगल्या कंपनीचा एलईडी घ्या. लाईट आली की तो लगेच पेटतो आणि वीजही कमी खातो. पण देवळांपुढे, शाळांच्या मैदानांवर, उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या आवारात, गावांच्या वेशीवर जुन्या फिटिंग अजून धडधाकट आहेत, आणि पंचायतीचं बजेट काही एका वर्षात सगळं बदलण्याइतकं नसतं. अशा ठिकाणी मेंबर मला म्हणतात, “मामा, तेवढा पिवळा काढा आणि पांढरा बसवा की, चोक आहे तोच राहू दे.” हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

चोक म्हणजे बल्बाचा करंट आवरणारी गुंडाळी. तो तोच राहू द्यायचा की नाही, हे बल्बावर काय छापलंय त्यावर ठरतं. अडीचशे वॅटचा सोडियम सुमारे तीन अँपियर घेतो. त्याच वॅटचे मेटल हॅलाइड वेगवेगळ्या जातीचे येतात, आणि त्यातले काही दोनच्या आसपास करंटसाठी बनवलेले असतात. असा बल्ब सोडियमच्या चोकवर चढवला की तो गरजेपेक्षा जास्त तापतो, पहिले काही दिवस झकास दिसतो आणि वेळेआधी जातो. सोडियमच्या चोकवर चालणारे मेटल हॅलाइडही मिळतात, पण खोक्यावर तसं लिहिलेलं असलं पाहिजे. इग्निटरचंही तसंच. शिवाय बऱ्याच मेटल हॅलाइडवर बल्ब आडवा ठेवायचा की उभा हे छापलेलं असतं आणि ते पाळावं लागतं. सोडियम कसाही बसवला तरी चालतो.

आता उजेडाचं. नवा असताना अडीचशे वॅटचा सोडियम सत्तावीस-अठ्ठावीस हजार ल्युमेन (उजेडाचं माप) देतो, मेटल हॅलाइड वीस हजारांच्या आसपास. सोडियम वीस हजार तासांच्या वर जाऊ शकतो, मेटल हॅलाइड साधारण दहा हजारांपर्यंत. रस्त्यावरचा दिवा वर्षाला चार हजार तासांच्या वर जळतो, म्हणजे कागदावर एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला अडीच. आमच्याकडे शेतातले पंपसेट सुरू झाले की व्होल्टेज पडतं, त्यामुळे दोघांचंही आयुष्य कागदापेक्षा कमीच भरतं, पण फरक तेवढाच राहतो. खर्च फक्त बल्बाचा धरू नका. उंच खांबाला शिडीची गाडी भाड्याने आणावी लागते, आणि ज्या पंचायतीला ती दर दोन वर्षांनी बोलवावी लागते तिचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब पुढच्या वेळी फायलीवर सही करायला वेळ घेतात.

एवढं सोडियमच्या बाजूने सांगितलं तरी मेटल हॅलाइडचा मोठा गुण मी नाकारत नाही. त्याच्या उजेडात रंग खरे दिसतात. रंग किती खरे दिसतात याचं शंभरातलं एक माप असतं. त्यात सोडियम वीस-पंचवीसच्या घरात, तर मेटल हॅलाइड पासष्टच्या वर आणि चांगला असेल तर नव्वदीच्या जवळ. संध्याकाळच्या बाजारात याचा अर्थ कळतो. सोडियमखाली कोथिंबीर राखाडी दिसते, टोमॅटो पिकलाय की कच्चा आहे ते समजत नाही, बाईच्या कपाळावरचं कुंकू तपकिरी वाटतं. शहापूर-वडगावकडे साड्यांचा धंदा आहे. पिवळ्या दिव्याखाली पसंत केलेली जांभळी साडी घरी नेल्यावर वेगळीच निघते. कुस्तीच्या आखाड्यालाही पांढराच उजेड हवा, नाहीतर लाल माती आणि पैलवानाचं अंग एकच दिसतं आणि पंचाला खांदा टेकला की नाही ते कळत नाही.

पांढऱ्याची आणखी एक जमेची बाजू आहे. उजेड कमी असताना डोळ्याच्या कडेने आपण निळसर-हिरवट प्रकाशात जास्त चांगलं पाहतो. त्यामुळे कडेच्या झाडीतून कोणी रस्त्यावर आलं तर मेटल हॅलाइडखाली ते लवकर ध्यानात येतं, मीटर कमी उजेड दाखवत असला तरी. शाळेच्या कोपऱ्यावर किंवा एसटी स्टँडच्या चौकात मी याला वजन देतो.

किडे हा मात्र त्याचा वैताग. मेटल हॅलाइडच्या उजेडात निळा भाग आणि अतिनील किरण जास्त, त्यामुळे पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी त्यावर तुटून पडते. फिटिंगच्या काचेत मेलेल्या किड्यांचा थर बसतो आणि निम्मा उजेड तोच खातो. काच काढून टाकायचं मनातही आणू नका. आतली नळी क्वार्ट्‌झची आणि जबरदस्त दाबाची असते. म्हातारा झालेला बल्ब कधीकधी फुटतो, आणि तेव्हा खाली उभ्या असलेल्या माणसाच्या आणि तापलेल्या तुकड्यांच्या मध्ये ती काचच असते.

धुक्यात पिवळा उजेड आरपार जातो, असं जांबोटी-कणकुंबीकडे सगळे सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पिवळा काय आणि पांढरा काय, दोन्ही जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात त्रास होतो तो वर तोंड केलेल्या फिटिंगचा. ती सपाट करून उजेड खाली रस्त्यावर पाडला की डोळ्यांपुढची पांढरी भिंत कमी होते. तेवढं केलं तर बल्ब बदलावाही लागत नाही.

बल्ब म्हातारा झालाय हे खांबाखाली उभं राहून ओळखता येतं. सोडियम पेटतो, पूर्ण उजेडाला येतो, विझतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. वयाबरोबर त्याला लागणारं व्होल्टेज वाढत जातं आणि एका टप्प्यावर चोकला ते देता येत नाही. खाली उतरवून पाहिलं तर बाहेरच्या काचेआतली पेन्सिलीएवढी दुधी नळी दोन्ही टोकांना काळी पडलेली दिसते. मेटल हॅलाइड असा चालू-बंद न होता रंग सोडतो. एक हिरवट होतो, शेजारचा गुलाबी, आणि एकाच दिवशी बसवलेले दहा दिवे दोन वर्षांनी दहा रंगांचे दिसतात. उजेडही बराच घटलेला असतो, पण दिवा पेटतोय म्हणून कोणी तक्रार करत नाही.

माझी शिफारस ही. गावातून जाणारा रस्ता, वेस, घाटाकडची वाट: सोडियम, गल्लीत सत्तर वॅट आणि मोठ्या रस्त्याला दीडशे. बाजार, आखाडा, मैदान, चौक: मेटल हॅलाइड, पण बंद काचेच्या फिटिंगमध्ये, जोडीचाच चोक आणि इग्निटर घालून, आणि प्रत्येक चौकात एक खांब सोडियमचा ठेवून, म्हणजे लाईट झपकली तरी चौक पूर्ण अंधारात जाणार नाही.

बल्ब गेला तर तो महिनोन्‌महिने होल्डरमध्ये ठेवू नका. त्यावरचा साधा इग्निटर रात्रभर झटके मारत राहतो, आणि त्यात इग्निटर, होल्डर, वायरचं इन्सुलेशन असं एकेक जात राहतं. लगेच शिडी मिळत नसेल तर निदान त्या खांबाचा फ्यूज काढून ठेवा. उतरवलेला बल्ब गटारात फोडायचा नाही. दोन्ही प्रकारांत पारा असतो, म्हणून खोक्यात घालून पंचायतीच्या खोलीत वेगळा ठेवायचा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा.