आयबीटी: आठवड्यातून एक दिवस कामाचा

पाबळ (जि. पुणे) येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने माध्यमिक शाळांसाठी विकसित केलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शिक्षकवर्गात ‘आयबीटी’ (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) या नावाने परिचित आहे. व्यवसायपूर्व शिक्षणाच्या या उपक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात.

अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन हे चारही विभाग प्रत्येकाला करावे लागतात, ही मला रचनेतील मोठी जमेची बाजू वाटते. चौदाव्या वर्षी मुलांना एका व्यवसायाला बांधून टाकण्याऐवजी येथे मुलगी वेल्डिंग करते, मुलगा हिमोग्लोबिन तपासायला शिकतो आणि निवडीचा प्रश्न पुढे ढकलला जातो.

खरा कस मात्र लोकोपयोगी सेवांमध्ये लागतो. वही भरण्यापुरता नमुना करण्याऐवजी विद्यार्थी शाळेसाठी किंवा गावकऱ्यांसाठी लागणारी वस्तू बनवतात, तिचे रेखाचित्र काढतात आणि साहित्य व मजुरी धरून खर्च मांडतात. फाटकाचा कोन चुकला तर ते बसत नाही. कोनमापन का शिकायचे, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. माती परीक्षण, वीजजोडणी, फेरोसिमेंटचे (तारेच्या जाळीवर सिमेंट थापण्याचे) काम यांतून विज्ञानाच्या पुस्तकातील कितीतरी पाने हाताखालून जातात. पाठ्यपुस्तकाने कंटाळलेली मुले येथे पुढे येतात, याचे मला नवल वाटत नाही.

उपक्रमाचा भार मुख्यतः निदेशकावर, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्यावर पडतो. स्थानिक कारागिरांनाच निदेशक म्हणून घेण्याची कल्पना उत्तम आहे, पण मानधन अनियमित असेल, तर कुशल गवंडी किंवा वायरमन बाहेरची कामे सोडून शाळेत का थांबेल? गावातून कामे मिळवणे हेही चिकाटीचे काम आहे. मुख्याध्यापकांनी ते टाळले की उरतात प्रात्यक्षिकाच्या वह्या, आणि त्या लिहायला कार्यशाळेची गरज नसते. दहावीत परीक्षेच्या दडपणाखाली हाच दिवस सर्वांत आधी जादा तासांना दिला जाण्याचा धोकाही आहे.

हा अभ्यासक्रम घेऊ इच्छिणाऱ्या शाळांनी यंत्रखरेदीपूर्वी निदेशकाच्या मानधनाची तरतूद करावी, वेल्डिंगचे गॉगल व हातमोजे पहिल्याच यादीत घ्यावेत आणि पहिले काम म्हणून आपल्याच वर्गांतील मोडके बाक दुरुस्तीला काढावेत.