कागद सांभाळायला ठेवलेल्या माणसाने सात महिने आमची गाडी विम्याशिवाय रस्त्यावर धावत ठेवली

७ ऑक्टोबर २०२५, कोजागरीचा दुसरा दिवस. दिवाळीसाठी नमकीनचे खोके भरून आमचा आयशर ट्रक पहाटे इंदूरच्या पालद्याहून धुळ्याला निघाला होता. साडेबाराला ड्रायव्हरचा फोन आला, "भाभीजी, शिरपूर के पहले रोक लिया है. साहब बोल रहे हैं फिटनेस खतम है, बीमा भी नहीं दिख रहा."

आमच्या गाड्यांचे सगळे कागद सांभाळणारा माणूस त्या वेळी माझ्यासमोरच बसून चहा पीत होता. मंगळवार हा त्याचा यायचा दिवस. "सर्व्हरचा घोळ असेल वहिनी, टेन्शन घेऊ नका," म्हणाला. फाइल उघडून फिटनेसची, म्हणजे गाडी चालवण्यालायक असल्याच्या सर्टिफिकेटची, प्रत दाखवली, मुदत मार्च २०२६ पर्यंत. "झेरॉक्स काढून आणतो, साहेबांना व्हॉट्सॲप करू." फाइल घेऊन खाली उतरला तो परत आलाच नाही. दहा मिनिटांत त्याचा फोन बंद झाला.

आमच्या तीन गाड्या आहेत. एक आयशर, २०१५ ची, आणि शहरात सियागंज, सांवेर रोड, देवास नाक्यापर्यंत माल पोचवणारे दोन छोटे हत्ती (टाटा एस). धंदा ह्यांचा. डिसेंबर २०२२ मध्ये ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि सगळं माझ्या हातात आलं. भाडं ठरवणं, बिल्टी (मालाची पावती), डिझेलचा हिशेब हे मी शिकले. आरटीओचे कागद तेवढे जमेनात. सुदामा नगरातल्या ओळखीच्यांनीच हा माणूस सुचवला. आपला मराठी, पूर्वी मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकुनी केलेला. ज्यांना पूर्ण वेळ मॅनेजर परवडत नाही, अशा दोन-चार गाड्यांच्या मालकांकडे तो अर्धा अर्धा दिवस जायचा. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार, महिना ४,००० रुपये. फिटनेस, टॅक्स, विमा, परमिट, पीयूसी, चालान, फास्टॅग सगळं तो बघणार.

पहिली दोन वर्षं त्याची कामं खरी दिसली, म्हणूनच मी पुढे काही तपासलं नाही. ह्यांच्या औषधपाण्यात सकाळ कशी जायची कळायचं नाही, आणि तो वेळेवर येऊन प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद लावून ठेवायचा. मला त्याचा आधार वाटायचा. हे लिहिताना अजून घशाशी येतं.

मालवाहू गाडीला आठ वर्षं पूर्ण झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं. आमच्या आयशरचं ५ मार्च २०२५ ला संपलं. त्याने पैसे घेतले आणि गेल्या वर्षीच्या सर्टिफिकेटवर तारीख बदलून छापून आणलं. नॅशनल परमिटचे (दुसऱ्या राज्यांत माल न्यायच्या परवान्याचे) वर्षाचे १६,५०० आणि वरचे १,००० घेतले, भरले नाहीत. विम्याचं तर ऐकून माझे हातपाय गार पडले. मी २८,००० दिले होते. साडेसात टनांच्या आतल्या मालगाडीचा नुसता थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा) हप्ताच सरकारने १६,०४९ ठरवलेला आहे. विमा कंपनीच्या शाखेत नंबर दाखवला तेव्हा ते म्हणाले, पॉलिसी खरी आहे, पण मोटरसायकलची. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये. तेवढे भरून त्याने पीडीएफमध्ये आमच्या ट्रकचं नाव आणि वजन घातलं होतं.

मला एसएमएस कसे आले नाहीत, हे कोडं नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात सुटलं. तिन्ही गाड्यांच्या नोंदीत मोबाइल नंबर त्याचा होता. आरसी, चॅसी नंबर, इंजिन नंबर सगळं मीच हातात दिलेलं. मुदत संपल्याचे निरोप, चालान, ओटीपी, सगळं त्याच्याकडे जात होतं. मी "भरलंस का?" विचारायची, तो पावती दाखवायचा. नऊ चालानं थकलेली निघाली.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. दोन्ही छोट्या हत्तींच्या "लोकल परमिट"चे तो दरवर्षी पैसे घेत होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागतच नाही. जे लागत नव्हतं त्याचे पैसे गेले, जे लागत होतं ते काढलंच नव्हतं.

शिरपूरला परमिट नसल्याचे १०,०००, विमा नसल्याचे २,०००, बाकीचे वेगळे. माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवायला ९,००० भाडं. १५ तारखेला फिटनेसला गेले तेव्हा उशिराचे २२४ दिवस झाले होते, दिवसाला ५० प्रमाणे ११,२०० नुसता दंड. दिवाळीचे दहा दिवस आयशर उभी होती.

पैशांपेक्षा मला दुसरीच भीती रात्री झोपू देत नव्हती. त्या सात महिन्यांत धुळ्याच्या वाटेवरच्या बिजासन घाटात कुणी आमच्या गाडीखाली आलं असतं तर? माणूस मेला किंवा जखमी झाला तर दावा प्राधिकरण (अपघाताच्या भरपाईचं न्यायालय) जी भरपाई ठरवेल तिला थर्ड पार्टीत वरची मर्यादा नसते, आणि विमाच नसेल तर ती मालकाच्या घरादारातून वसूल होते. वकिलांनी सांगितलं की विमा खरा असता तरीसुद्धा परमिट नसल्यामुळे सुटका नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलंय की अशा वेळी कंपनीने आधी पीडिताला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. आरसीवर नाव ह्यांचं आहे. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या नावावर ते आलं असतं.

माझा भाचा ब्रिटनमध्ये ट्रकच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, तिकडेही छोटे मालक असा बाहेरचा अर्धवेळ ट्रान्सपोर्ट मॅनेजर ठेवतात, पण तो परीक्षा पास झालेला लागतो, त्याचं नाव मालकाच्या धंद्याच्या लायसन्सवर नोंदलेलं असतं आणि तो जास्तीत जास्त ४ मालकांच्या मिळून ५० गाड्याच बघू शकतो. नुसतं नाव लावून काम केलं नाही तर ट्रॅफिक कमिशनर त्याला अपात्र ठरवतात. आपल्याकडे अशा माणसाची कुठे नोंदच नाही. त्याच्याकडे किती मालक आहेत, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८, ३३६ आणि ३४० खाली (फसवणूक, खोटे कागद बनवणं आणि ते खरे म्हणून वापरणं) गुन्हा नोंदवून घेतलाय. तो अजून सापडलेला नाही. आता तिन्ही गाड्यांवर माझा मोबाइल आहे. सरकारी फी मी स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन भरते. कागद हातात आला तरी तो मानत नाही, एमपरिवहन या सरकारी ॲपवर तीच तारीख दिसली तरच गाडी निघते. पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून वाहनाचा प्रकार वाचते. कागद करणारा माणूस आजही ठेवलाय, कारण आरटीओत उभं राहायला मला वेळ नाही. पण ओटीपी त्याला फोनवरसुद्धा सांगत नाही.

बोलता बोलता त्याने ज्यांची नावं घेतली होती अशा सहा मालकांना मी फोन केले. चौघांचे विमे खोटे निघाले. त्यातल्या एकाची गाडी त्या क्षणी माल घेऊन राऊच्या पुढे गेली होती, ती त्याने पेट्रोल पंपावर थांबवली. दोघांनी फोन उचललाच नाही आणि त्यांच्या गाड्यांचे नंबर मला माहीत नाहीत. इंदूरात, पीथमपुरात ज्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा असा कुणी येतो, त्यांनी उद्या गाडी काढायच्या आधी तिचा नंबर एकदा एमपरिवहनवर टाकून बघा.